सव्वापाचची गाडी

शेगावच्या फलाटावर त्या सोमवारी नीरजाची सकाळची गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती, आणि तिच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. तिच्या म्हणजे, तिनं काही तो बाक विकत घेतला नव्हता. पण अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवायला ती तीन वर्षं रोज तिथूनच गाडीत चढत होती, आणि रोजच्या प्रवाशाला असले हक्क आपोआप वाटायला लागतात. म्हातारा धोतर-टोपीतला होता. मांडीवर दवाखान्याची पिशवी, मनगटावर जुनं चावीचं घड्याळ. शेजारी त्याचा नातू असावा असा एक तरुण दोन कागदांत गरम कचोऱ्या घेऊन उभा होता.

म्हाताऱ्यानं रुळाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आणीबाणीत गाडी मिनटावर येत होती. काय बिशाद होती लेट व्हायची!"

नीरजा तशी भांडकुदळ नव्हती. पण तिचे आजोबा, भालचंद्र गुरुजी, दर वर्षी पंचवीस जूनला दिवसभर अन्नाला शिवत नसत, आणि त्या दिवशी घरात मोठ्यानं हसायचीही सोय नसे. अशा घरातल्या मुलीनं हे वाक्य गिळायचं म्हणजे फारच झालं.

"माझे आजोबा आणीबाणीत तेरा महिने नागपूरच्या तुरुंगात होते," ती म्हणाली. "गाड्या वेळेवर धावत होत्या की नाही, ते त्यांना आतून दिसलं नाही."

म्हाताऱ्यानं पिशवी मांडीशी ओढून घेतली. मग जरा सरकून त्यानं बाकावर जागा केली. "बस, माय," तो म्हणाला. "त्याईले माहा नमस्कार सांगजो. रामराव म्हणा, रुळाच्या टाकळीचा."

नातवानं एक कचोरी तिच्यापुढं केली. "घ्या. आबाच्या बोलण्याचा दंड समजा."

"मी अनोळखी माणसाकडून खात नाही."

"मी दीपक," तो म्हणाला. "झाली ना ओळख?"

तिनं कचोरी घेतली, पण हसली नाही. हसू तिनं गाडीत बसल्यावर, खिडकीकडं तोंड करून उरकून घेतलं.

रामरावांच्या डोळ्यांत दर सोमवारी अकोल्याला इंजेक्शन घ्यायचं होतं, असे सहा सोमवार. सकाळची गाडी टाकळीला थांबत नसल्यानं दोघं शेगावहून चढायचे. दीपक शेतकी शिकलेला. टाकळीला नऊ एकर कापूस-तूर बघायचा आणि आठवड्याचा एक दिवस आबांसाठी मोकळा ठेवायचा. तिसऱ्या सोमवारापर्यंत बाकावर नीरजाची जागा राखून ठेवलेली असे, मध्ये दवाखान्याची पिशवी. आबांना डोळे मिटून बसायला सांगितलेलं असल्यामुळं बोलणं बहुतेक या दोघांचंच व्हायचं. आबा झोपल्यासारखे दिसायचे. ते झोपलेले नसायचे, हे दोघांनाही बऱ्याच उशिरा कळलं.

दीपकनं एक खेळ काढला होता. डब्यात जो कोणी वयस्कर माणूस शेजारी बसेल त्याला तो विचारायचा, तुमच्या मते कोणाचं राज्य चांगलं होतं? उत्तर द्यायला कोणीही कमी पडत नसे. एका निवृत्त तलाठ्याला इंग्रज चांगले वाटत होते, आणि ते गेल्यावर सात वर्षांनी त्याचा जन्म झाला होता. एका आजीला बहात्तरचा दुष्काळ बरा वाटत होता. का, तर तेव्हा लहानथोर एका रांगेत बसून सरकारी सुकडी खात होते आणि आता सख्खा भाऊ बांधावरून पाणी जाऊ देत नाही. एकाला पंधरा वर्षांपूर्वीचा काळ, एकाला परवाचाच. नीरजा आधी इतिहासाची बाई म्हणून प्रत्येकाला दुरुस्त करू पाहायची. मग तिनं तो नाद सोडला.

"मला यातलं गणित कळलंय," एकदा ती म्हणाली. "राज्य कोणाचं ते विचारायचंच नाही. त्या वेळी तुम्ही किती वर्षांचे होता, ते विचारायचं. विशी-पंचविशीत जो काळ असतो, तोच सगळ्यांना चांगला."

"म्हणजे आपल्याले हाच चांगला?"

"आपल्याला म्हणजे?"

"म्हणजे... तुम्हाले वेगळा अन् मले वेगळा," दीपक घाईनं म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

"माझं अजून ठरायचंय," नीरजा म्हणाली. समोरच्या बाकावर आबांची मिटलेली पापणी जरा हलली.

सातव्या सोमवारी इंजेक्शनं संपली होती. तरी दीपक फलाटावर होता, एकटाच.

"आबा कुठं आहेत?"

"त्याईचे डोळे चांगले झाले."

"मग तुम्ही?"

"मले सवय लागली."

"अकोल्यात काय काम आहे आज?"

त्यानं विचार करायचा प्रयत्न केला. खोटं बोलायला लागणारी हुशारी त्याच्यात नव्हती. "काही नाही," तो म्हणाला. "तुम्ही उतरल्या की मी पुढच्या गाडीनं वापस."

"कापूस वेचायला आलेला असताना?"

"म्हणून तर सोमवारी फक्त. बाकीचे सहा दिवस कापसाचेच हाय."

त्या दिवशी नीरजानं वर्गात सनावळ्या दोनदा चुकवल्या, आणि पोरांनी तिला दोन्ही वेळा सांगितलं.

पुढं सोमवार पुरेनासा झाला. अकोल्याहून नीरजा संध्याकाळी ज्या पॅसेंजरनं परत यायची, ती शेगावच्या आधी टाकळीच्या थांब्यावर एक मिनिट उभी राहायची. रोज सव्वापाचला. निदान वेळापत्रकात तरी सव्वापाच. रामराव पन्नास वर्षं त्या थांब्यावर संध्याकाळी जाऊन बसत होते. गाडी आली की घड्याळाला चावी द्यायची आणि घरी यायचं, एवढाच कार्यक्रम. आता दीपकही आबांना सोबत म्हणून येऊ लागला. डोळे बरे झालेल्या माणसाला सोबत कशाला, असं गावात कोणी विचारलं नाही. गावाला बरंच कळत असतं.

एका मिनिटात फार काही बोलता येत नाही. तो खिडकीशी यायचा. कधी तिच्या हातात बोरं, कधी हिरव्या हरभऱ्याची डहाळी. "जेवली?" "हो. तू?" आणि गाडी हलायची. 'तुम्ही' कुठल्या गाडीत सुटलं आणि 'तू' कुठल्या गाडीत आलं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. कधी तो नुसताच उभा राहायचा, आणि ती खिडकीच्या गजावर हात ठेवायची, आणि तोही शेजारच्या गजावर. दोन बोटांचं अंतर असायचं. त्या अंतराचा विचार नीरजा शेगाव येईपर्यंत करायची.

संक्रांतीनंतरच्या एका सोमवारी त्यानं तिला घड्याळाची गोष्ट सांगितली.

रामराव आणि कोकिळा यांचं लग्न झालं ते आणीबाणीच्या वर्षात. कोकिळा हुशार होती. लग्नानंतर ती अकोल्याला शिक्षिकेचा कोर्स करायला जाऊ लागली आणि रोज संध्याकाळच्या पॅसेंजरनं टाकळीला उतरायची. रामराव तिला घ्यायला थांब्यावर उभे. तेव्हा साऱ्या टाकळीत घड्याळ एकच, रामरावांना लग्नात मिळालेलं. आणि गावाचा रिवाज असा की गाडी आली म्हणजे सव्वापाच. रामराव गाडी दिसली की काटे सव्वापाचवर आणायचे आणि बाकीचं गाव त्यांच्यावरून वेळ समजायचं.

"म्हणजे गाडी कधीच लेट नव्हती," नीरजा हळूच म्हणाली.

"कशी होईन? घड्याळच गाडीवर चालत होतं." दीपक हसला नाही. "आजीनं मले सांगितलं, मरायच्या आधी. कधी साडेपाचले येई, कधी साडेसहाले. आबाले मात्र वाटे, मिनटावर आली. थे बिचारे भोळे, अजून तसंच समजतात. आजी म्हणे, त्याईले कधी सांगू नको. तिनं जन्मभर सांगितलं नाही. आता मी तुले सांगून राह्यलो. तू कोणाले सांगू नको."

"नाही सांगणार," नीरजा म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं. त्याच दिवशी, अकोला स्टेशनच्या पुलावर, गर्दीत मागे-पुढे होत असताना त्यानं विचारलं, "आता ठरलं का? कोणता काळ चांगला थे?" आणि ती म्हणाली, "ठरलं. पण आधी घरी सांगावं लागेल."

घरी सांगितलं, आणि तिथं ती चुकली.

आईबाबांची फारशी हरकत नव्हती. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, स्वतःची शेती. पण घरात शेवटचा शब्द आजोबांचा. जात वेगळी आहे हे कारण काढायची सोय गुरुजींनी स्वतःच बंद करून ठेवली होती. आयुष्यभर भाषणांतून जातीविरुद्ध बोलले होते, आणि माणूस आपल्या भाषणांत असा कधीतरी अडकतोच. मग त्यांनी विचारलं, मुलाच्या घरी कोण कोण आहे. रामराव हे नाव ऐकलं आणि त्यांनी चष्मा काढला.

"टाकळीचा रामराव? जो पारावर बसून आणीबाणीचे गोडवे गातो तो? माझी नात त्या घरात जाणार नाही. माणूस अडाणी असला तरी चालेल, त्यानं हुकूमशाहीची आरती ओवाळलेली चालणार नाही."

दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी ते रामरावांना लाचार म्हणाले, आणि नीरजाचा तोल सुटला. "ते लाचार नाहीत, आजोबा, भोळे आहेत," ती म्हणाली, आणि सगळी गोष्ट सांगून बसली. घड्याळ, गाडी, सव्वापाच, कोकिळाआजी, सगळं. त्या म्हाताऱ्यावर आजोबांनी माया करावी एवढाच तिचा हेतू होता. गुरुजींनी ऐकून घेतलं. मग ते हसले, बऱ्याच दिवसांनी. "बोलव त्यांना रविवारी," ते म्हणाले. ते हसू कसलं होतं हे नीरजाला तेव्हाच कळायला हवं होतं. पण प्रेमात पडलेल्या माणसाला प्रत्येक हसू आशीर्वादच वाटतं.

रविवारी टाकळीहून तिघं आले, रामराव, दीपक आणि दीपकची आई चांगुणा. वडील कापसाच्या गाडीबरोबर खामगावला गेले होते. चांगुणाबाईंनी सासऱ्यांना वाटेत तीनदा बजावलं होतं, राजकारण काढायचं नाही. त्यांनीही शब्द पाळला. पाऊस, तुरीचा भाव, गजानन महाराजांच्या पारायणाची गर्दी, एवढ्यावरच त्यांनी अर्धा तास काढला. दीपकनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि तो त्यात अवघडून बसला होता. नीरजा पोह्यांच्या बशा घेऊन आली तेव्हा त्यानं एकदाच वर पाहिलं. त्या एका नजरेत तिला वाटलं, जमलं.

मग गुरुजींनी विचारलं, "रामराव, किती वाजले?"

रामरावांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. "पाच वाजून दहा मिन्टं."

"खरे, की गाडीवरचे?"

खोलीत कोणाला काही कळलं नाही. कळलं ते फक्त नीरजाला आणि दीपकला, असं तेव्हा तरी वाटलं. नीरजाच्या हातातली बशी तशीच राहिली.

गुरुजी शिक्षक होते, मुद्दा कसा मांडायचा ते त्यांना येत होतं. टाकळीत गाडी पाहून घड्याळ लावायचे आणि घड्याळ पाहून गाडीची तारीफ करायचे, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. पन्नास वर्षं या माणसानं पारावर बसून ज्या राज्याची वाहवा केली ती एका चुकीच्या घड्याळावर, असं ते म्हणाले, आणि आवाज जराही चढवला नाही. शेवटी म्हणाले, "लोक जुना काळ चांगला म्हणतात तो असाच. काटे हातानं मागे फिरवून."

दीपक नीरजाकडं पाहत होता. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

रामरावांनी घड्याळाच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "गुरुजी," ते म्हणाले, "मले थे मालूम होतं."

"काय?"

"गाडी लेट होती थे. मी रोज सकाळी शेगावले दूध घालत होतो. टेसनावरच्या मोठ्या घड्याळावर आपलं घड्याळ बरोबर करून घेत होतो. अन् सांजच्याले पुन्हा मागं करत होतो." त्यांनी सुनेकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "माह्या मायनं कोकिळेले शिकू देलं, पण एका अटीवर. दिवेलागणीच्या आत सून घरात पाह्यजे. एक दिवस उशीर झाला की शिक्षण बंद. आता गाडी लेट झाली तर कोकिळेनं काय करावं? थे बिचारी उपाशीपोटी उभ्यानं येत होती. उतरली की पहिलं इचारे, लय उशीर झाला का हो? मी घड्याळ दाखवो. सव्वापाच. घरी माय इचारे, किती वाजले रे? सव्वापाच."

"अन् अंधार पडला असला तर?" चांगुणाबाईंनी न राहवून विचारलं. ही गोष्ट त्यांनाही नवीन होती.

"मी म्हणो, आभाळ आलं. माय म्हणे, गाडी लेट आली अशीन. मी म्हणो, माय, आता आणीबाणी हाय, सरकार कडक हाय, गाडी लेट होऊच शकत नाही. थे माहं पयलं खोटं. मंग मायनं गावात सांगितलं, मलेही गावात तसंच सांगणं भाग पडलं. कोकिळा शिकली. मास्तरीण झाली, तीस वर्षं शाळा केली. पण थे वाक्य तोंडात बसलं ते बसलंच. पन्नास वर्षं एकच गोष्ट सांगितली गुरुजी, तर माणसाले मंग तीच खरी वाटाले लागते." मग ते म्हणाले, "मी भोळा हाय असं तिले वाटे, म्हणून तिनं मले कधी सांगितलं नाही. मीबी नाही सांगितलं. तिले वाटत होतं, तर वाटू द्यावं."

दीपकनं मान खाली घातली. गुरुजी काही बोलायला गेले. पण स्वयंपाकघराच्या दारात नीरजाची आजी, पद्मजाबाई, कधीच्या येऊन उभ्या होत्या.

"तुम्हा दोघांचं झालं असेल तर मी बोलते," त्या म्हणाल्या. आवाज साधा होता, दूध तापलंय असं सांगावं तसा. "त्या तेरा महिन्यांत मी सहा वेळा नागपूरला गेले. कडेवर हिचा बाप, दीड वर्षांचा. भेटायची वेळ दोनपर्यंत. दोनदा गाडी तीननंतर पोचली, आणि मी फाटकावरून परत आले. रामराव, तुम्ही कोकिळाबाईंसाठी केलंत ते चांगलंच केलंत. पण गाडी मिनिटावर येत होती, हे माझ्यासमोर पुन्हा म्हणू नका."

"नाही म्हणणार, वहिनी," रामराव म्हणाले.

"आणि तुम्ही." त्या नवऱ्याकडं वळल्या. "तुम्ही तुरुंगातल्या गोष्टी सांगता तेव्हा तुमचं तोंड कसं होतं, एकदा आरशात बघा. आत वाचन, चर्चा, व्हॉलीबॉल, मोठमोठ्या माणसांची संगत. तुमच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते ते, मी पन्नास वर्षं ऐकतेय. बाहेर तुमचा पगार बंद, मी लोकांचे पापड लाटत होते, आणि ओळखीची माणसं मला बघून रस्ता बदलत होती. यांनाही तो काळ गोड, तुम्हालाही गोड. मग भांडण कशाचं आहे? तो काळ वाईट होता, हे या घरात फक्त मला माहीत आहे."

पोहे कोणीच खाल्ले नाहीत. रामराव उठले, त्यांनी पद्मजाबाईंना वाकून नमस्कार केला आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. लग्नाचं बोलणं तिथंच राहिलं.

नीरजा फाटकापर्यंत धावत गेली. आबा आणि आई रिक्षात बसले होते, दीपक मोटरसायकल वळवत होता.

"मला वाटलं होतं, आजोबांना त्यांची माया वाटेल..."

"मले माहीत हाय. तुह्या मनात वाईट नव्हतं." त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. "पण आजीनं मले सांगितलं, अन् मी तुले. बस, दोनच माणसं होते. उद्या तुले काही सांगायचं तर आधी इचार करा लागीन मले. थे मले सोसत नाही, नीरजा."

पुढचे तीन सोमवार शेगावच्या बाकावर दीपक नव्हता. संध्याकाळी टाकळीला गाडी थांबायची. रामराव आपल्या जागेवर बसलेले असायचे आणि तिला पाहून हात वर करायचे. दीपक मात्र पलीकडं, निंबाखाली, पाठमोरा. तो येत होता, रोज येत होता, आणि वळून पाहत नव्हता. त्या एका मिनिटात नीरजानं उतरायचं रोज ठरवलं आणि रोज गाडी सुटली. काय सांगायचं, हेच तिला सुचत नव्हतं. मी चुकले, एवढंच खरं होतं, आणि ते फार छोटं वाटत होतं.

घरात मात्र काहीतरी हललं होतं. गुरुजी आता सकाळचा चहा स्वतः करू लागले. पहिल्या दिवशी साखरेऐवजी मीठ पडलं, पद्मजाबाईंनी तो न बोलता प्यायला. तुरुंगातली एकही गोष्ट त्या तीन आठवड्यांत घरात निघाली नाही. एकदा नीरजानं पाहिलं, ते आजीला विचारत होते, फाटकावरून परत आलीस त्या दिवशी कुठं जेवलीस. आजी सांगत होती आणि ते वहीत लिहून घेत होते.

चौथ्या सोमवारी सकाळी त्यांनी नीरजाला हाक मारली. "टाकळीला जाऊन ये," ते म्हणाले. "रामरावांना सांग, मी माफी मागितलीय. घरी बोलावून असं बोलायला नको होतं. लग्नाचं काय ते तुम्ही पोरं ठरवा, माझी ना नाही." ती दारापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला, "आणि आणीबाणी वाईटच होती, हेही सांग."

नेमकी त्या दिवशी पॅसेंजर उशिरा. मूर्तिजापूरकडून येतानाच तिला कुठं तरी अडवून ठेवलं होतं. टाकळीचा थांबा आला तेव्हा नीरजाच्या फोनवर सहा वाजून बावीस मिनिटं झाली होती आणि कापूस वेचलेल्या पऱ्हाट्यांच्या उभ्या शेतांवरचं ऊन पार उतरलं होतं. ती उतरली. एकटीच उतरली. गाडी तिच्यामागं निघून गेली, आणि आता परत चढायची सोय उरली नाही, याचं तिला बरंच वाटलं.

रामराव बाकावर होते. तिनं वाकून नमस्कार केला आणि आजोबांचा निरोप सांगितला, दोन्ही भाग.

"वाईट होती तर होती," रामराव म्हणाले. "मी आता कुठं नाही म्हणतो? वहिनीले सांगजो, पारावर जाऊन मी तसं सांगून आलो. लोक म्हणाले, म्हातारा फिरला." मग त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "दीपक, इकडं ये बे! अंधारात मले काटे दिसून नाही राह्यले."

डोळे बरे झाल्याला दोन महिने उलटले होते. दीपक आला. दोन पावलांवर थांबला.

नीरजानं इतके दिवस जुळवलेली वाक्यं होती, ती सगळी गेली. "मी चुकले," ती म्हणाली. "कारण चांगलं होतं, तरी चुकलेच. तू सांगितलेलं माझं नव्हतं, तुझं होतं. पुन्हा असं होणार नाही. आणि तुला विचार करून बोलावं लागलं, तर... तसंही चालेल मला. पण बोल."

रामरावांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, दीपकच्या हातात ठेवलं आणि "मी होतो पुढं" म्हणत काठी टेकत गावाच्या वाटेला लागले. ज्या घड्याळाला त्यांनी पन्नास वर्षं दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता, ते दीपकच्या तळहातावर टिकटिकत होतं.

"लय उशीर झाला ना," नीरजा म्हणाली.

दीपकनं तिच्याकडं पाहिलं. तीन आठवड्यांनी, सरळ. मग त्यानं घड्याळाची चावी बाहेर ओढली आणि काटे मागं फिरवायला सुरुवात केली. सहा, पावणेसहा, साडेपाच... चावी आत दाबून त्यानं घड्याळ तिच्यापुढं धरलं.

"किती वाजले, सांग," तो म्हणाला.

नीरजाच्या हातात फोन होता आणि त्यावर खरी वेळ ठळक दिसत होती. इतिहासाची बाई होती ती, सनावळी चुकली तर पोरांचे मार्क कापणारी. तिनं फोन पर्समध्ये टाकला, आणि घड्याळ धरलेल्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"सव्वापाच," ती म्हणाली. "चल, घरी तुझी आई वाट बघत असेल."